वेअरहाउस, नोटबुक, शीट आणि रिपोर्ट: चारही ठिकाणी एकच आकडा यावा यासाठी जोडणीचा क्रम

सियागंजातल्या मसाल्याच्या घाऊक पेढ्या असोत की सांवेर रोडवरचे नमकीनचे कारखाने, इंदूरमध्ये बिलांचा डेटा आता बऱ्याच जणांनी क्लाउडवर नेला आहे. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. मालक मोबाइलवर रिपोर्ट बघतात, हिशेबनीस शीटमध्ये बेरीज मारतात, अ‍ॅनालिस्ट नोटबुकमध्ये (कोड लिहून तिथेच निकाल बघायच्या पानावर) चार्ट काढतो आणि एकाच महिन्याच्या विक्रीचे तीन आकडे समोर येतात. “अहो, यातला खरा कोणता?” या प्रश्नाला कोणाकडेच उत्तर नसतं.

यात दोष बहुतेक वेळा साधनांचा नसतो. जोडणी उलट्या टोकाकडून सुरू झालेली असते. मालकांना रिपोर्ट दाखवायचा असतो म्हणून लोक रिपोर्टपासून सुरुवात करतात आणि प्रत्येक साधनात हिशेब नव्याने मांडतात. माझा आग्रह असा: हिशेब एकदाच, वेअरहाउसमध्येच (सगळा डेटा साठवणाऱ्या क्लाउडवरच्या डेटाबेसमध्येच) करायचा आणि बाकी तिघांनी तो फक्त वाचायचा. जोडायचं तेही आधी नोटबुक, मग शीट, शेवटी रिपोर्ट याच क्रमाने.

उदाहरणासाठी गूगलचं बिगक्वेरी हे वेअरहाउस घेतलं आहे. स्नोफ्लेक किंवा रेडशिफ्ट वापरत असाल तर बटणं आणि नावं बदलतील, क्रम हाच राहील.

## १. जोडणीआधीची तयारी

जागा. डेटासेट (टेबलांचा गट) बनवताना तो कोणत्या रीजनमध्ये (सर्व्हरच्या ठिकाणी) राहणार हे ठरतं आणि नंतर ते बदलता येत नाही. काही निवडलं नाही तर तो अमेरिकेत जातो. भारतात मुंबई आणि दिल्ली असे दोन रीजन आहेत. यांपैकी एक निवडा आणि सगळे डेटासेट तिथेच ठेवा. बिलं मुंबईत आणि पार्ट्यांची (गिऱ्हाइकांची) यादी अमेरिकेत असेल तर दोन्ही एका साध्या क्वेरीत (डेटाला विचारलेल्या प्रश्नात) जोडता येत नाहीत. तेव्हा ‘डेटासेट सापडला नाही’ असा मेसेज येतो. डेटासेट डोळ्यांसमोर दिसत असतो, म्हणून लोक स्पेलिंग तपासत बसतात. अशा वेळी आधी रीजन बघा.

खातं. प्रोजेक्ट (डेटासेट, परवानग्या आणि बिल एकत्र ठेवणारा कप्पा) कंपनीच्या खात्यावर असू द्या. कोणाच्या तरी खाजगी जीमेलवर उभा केलेला प्रोजेक्ट तो माणूस नोकरी सोडून गेला की अडकतो.

सँडबॉक्स. कार्ड न देता सँडबॉक्स या मोफत सोयीत शिकता येतं, ही सोय चांगली आहे. पण त्यात टेबल, व्ह्यू (टेबलासारखी वाचता येणारी जतन केलेली क्वेरी) आणि पार्टिशन (टेबलाचे तारखेसारख्या कॉलमवर पाडलेले भाग) ६० दिवसांनी आपोआप नाहीसे होतात. बिलिंग सुरू केल्यावरही आधीच्या टेबलांवरची मुदत आपण स्वतः काढावी लागते. हे राहून गेलं की दोन महिन्यांनी रिपोर्ट एकाएकी रिकामा दिसतो.

खर्चाला लगाम. ऑन-डिमांड पद्धतीत क्वेरी जेवढा डेटा वाचते तेवढे पैसे लागतात. महिन्याला पहिला १ टेराबाइट मोफत आहे. बजेट अलर्ट लावलात तर ईमेल येईल, पण खर्च थांबणार नाही. थांबवायचा असेल तर दिवसाला किती डेटा वाचू द्यायचा याचा कोटा प्रोजेक्टवर आणि माणसागणिक लावा. हे आजच करा, शेवटच्या टप्प्यावर ढकलू नका.

> तपासा: प्रत्येक डेटासेटच्या माहितीत रीजन एकच आहे का? टेबलाच्या माहितीत मुदतीची तारीख दिसत नाही ना?

## २. परवानग्या

इथे दोन रोल लागतात आणि लोक एकच देतात. ‘डेटा व्ह्यूअर’ हा रोल टेबल वाचायचा आणि ‘जॉब यूजर’ हा क्वेरी चालवायचा. पहिला डेटासेटवर देतात, दुसरा प्रोजेक्टवर. फक्त पहिला दिला तर माणसाला टेबल दिसतं पण क्वेरी चालत नाही. मग वैतागून कोणीतरी त्याला सरळ ‘ओनर’ करून टाकतं. असं करू नका. नोटबुकमध्ये मोठे निकाल वेगाने खेचायचे असतील किंवा पॉवर बीआय (मायक्रोसॉफ्टचं रिपोर्टचं साधन) जोडायचं असेल तर ‘रीड सेशन यूजर’ हा तिसरा रोलही द्या.

दोन डेटासेट ठेवा. एकात मूळ बिलं जशीच्या तशी, दुसऱ्यात फक्त व्ह्यू. सगळ्यांना परवानगी दुसऱ्याचीच. साधा व्ह्यू वाचायला मूळ टेबलाचीही परवानगी लागते, म्हणून मूळ डेटासेटच्या शेअरिंगमध्ये जाऊन तो व्ह्यू ‘ऑथराइज’ करा. त्यामुळे सेल्समनला आपल्या भागाची विक्री दिसेल, खरेदीचा भाव दिसणार नाही.

> इशारा: सर्व्हिस अकाउंटची (माणसाऐवजी प्रोग्रॅमसाठी असलेल्या खात्याची) किल्ली असलेली फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका, ड्राइव्हच्या सामायिक फोल्डरमध्ये ठेवू नका, नोटबुकमध्ये चिकटवू नका. माणूस स्वतः बसून काम करणार असेल तर त्याने आपल्या खात्यानेच लॉगिन करावं. तिथे किल्लीची गरजच पडत नाही.

## ३. कॉलमचे प्रकार

सगळ्यात जास्त वेळ या टप्प्याला द्या. पुढे दिसणाऱ्या तफावतींची मुळं बहुतेक इथेच असतात. फाइल चढवताना प्रकार आपोआप ओळखणाऱ्या ‘ऑटो डिटेक्ट’ची खूण काढा आणि प्रत्येक कॉलमचा प्रकार हाताने लिहा.

एचएसएन कोड, म्हणजे जीएसटीसाठीचा मालाच्या वर्गाचा क्रमांक. हळद ०९१०, धने-जिरे ०९०९, डाळी ०७१३. ऑटो डिटेक्टला यात संख्या दिसते आणि पहिलं शून्य उडतं. ०९१० चं ९१० झालं की एचएसएनच्या यादीशी जोडताना ती ओळ जुळत नाही आणि रिपोर्टमधून हळदीची अख्खी विक्री गळते. नमकीनचा कोड २१०६ ने सुरू होतो, त्यामुळे नमकीनवाल्याला ही चूक कधी दिसतच नाही. त्याच्याकडे नीट चाललेली पद्धत मसालेवाला उचलतो आणि फसतो. एचएसएन, पिनकोड, मोबाइल, पार्टीचा कोड हे सगळं ‘स्ट्रिंग’, म्हणजे मजकूर. ज्याची बेरीज करायची नाही ती संख्या नव्हे, एवढा नियम पुरे.

रक्कम. ‘फ्लोट’ (अंदाजे दशांश) नको, ‘न्यूमेरिक’ (अचूक दशांश) घ्या. फ्लोटमध्ये बेरजेत बारीक फरक पडू शकतो आणि हिशेबनीस तो सोडत नाहीत. त्यांनी सोडूही नये. एक्सपोर्टमधून ‘१,२५,०००.००’ अशी स्वल्पविराम असलेली रक्कम आली तर ती मजकूर समजली जाते. चढवण्याआधी स्वल्पविराम काढा.

तारीख. ०४/०५ म्हणजे आपल्याकडे ४ मे, अमेरिकी साच्यात ५ एप्रिल. बारा तारखेपर्यंत दोन्ही अर्थ चालतात, म्हणून चूक लपून राहते. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस या साच्यातच फाइल बनवा.

वेळ. ‘टाइमस्टॅम्प’ प्रकारचा कॉलम यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) धरला जातो. आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे आहे. तारीख काढताना ‘एशिया/कोलकाता’ हा झोन सांगितला नाही तर रात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळातली बिलं आदल्या दिवसात जातात. दिवसा चालणाऱ्या पेढीला याची झळ लागत नाही. सराफ्यात रात्री खाण्याचं दुकान लावणाऱ्याचं तसं नाही. त्याची बारानंतरची विक्री आदल्या दिवसात पडते आणि त्याला ते बरोबरही वाटतं, कारण त्याचा धंद्याचा दिवस मध्यरात्रीनंतरच संपतो. आकडा चुकीच्या कारणाने बरोबर दिसत राहतो. महिन्याच्या शेवटच्या रात्रीची बिलं जीएसटीच्या रिटर्नशी ताडायला बसलं की मात्र फरक निघतो. अशा धंद्यात दोन वेगळे कॉलम ठेवा: ‘बिलाची तारीख’ आणि ‘धंद्याचा दिवस’. दुसरा कधी संपतो हे मालकांना विचारून लिहा.

याची उलट चूकही होते. बिलिंग सॉफ्टवेअरने भारतीय वेळ दिली, पण झोन लिहिला नाही आणि तुम्ही तो कॉलम टाइमस्टॅम्प म्हणून चढवला. मग झोन लावताना वर आणखी साडेपाच तास चढतात आणि संध्याकाळी साडेसहानंतरची बिलं दुसऱ्या दिवशी जातात. झोन नसलेली स्थानिक वेळ ‘डेटटाइम’ म्हणून चढवा.

> तपासा: बिलांची संख्या तासागणिक काढा. शटर बंद असतं त्या वेळेत विक्री दिसली तर झोन चुकला आहे. शून्याने सुरू होणारे एचएसएन मोजा. मसाल्याच्या पेढीत हे उत्तर शून्य आलं तर फाइल पुन्हा चढवा.

## ४. एकच व्ह्यू आणि त्याचा ताळा

आता सगळे नियम एका व्ह्यूमध्ये लिहा. रद्द बिलं वगळायची. परत आलेल्या मालाची क्रेडिट नोट उणे धरायची. विक्री म्हणजे कराआधीची की करासकट, हे ठरवून कॉलमच्या नावातच लिहायचं. आर्थिक वर्ष आणि त्याची तिमाही असे दोन कॉलम इथेच बनवायचे, कारण पुढची साधनं आपणहून जानेवारी ते मार्च ही पहिली तिमाही धरतात. जीएसटीआयएनचे (जीएसटी नोंदणी क्रमांकाचे) पहिले दोन अंक राज्याचे असतात: मध्य प्रदेश २३, गुजरात २४, महाराष्ट्र २७. त्यावरून राज्याचा कॉलम काढला की खरगोनची आणि धुळ्याची पार्टी आपोआप वेगळी होते. नोंदणी नसलेल्या पार्टीला जीएसटीआयएन नसतो, म्हणून जोडणीची किल्ली पार्टीचा कोडच ठेवा. नावावर कधीच जोडू नका. एकच दुकान तीन स्पेलिंगांनी नोंदलेलं असतं.

इथली सगळ्यात महागडी चूक भाड्याची. समजा एका बिलावर तीन माल आहेत: हळद, जिरे, मिरची. बिलाचं गाडीभाडं ४५० रुपये. बिलांचं टेबल मालाच्या ओळींशी जोडलंत की ते ४५० प्रत्येक ओळीवर येतात आणि बेरीज १,३५० होते. मालाची रक्कम बरोबर येते, भाडं तिप्पट होतं आणि एकूण आकडा थोडासाच चुकतो, म्हणून लवकर कळत नाही. भाडं, सूट, राउंड-ऑफ हे बिलाच्या पातळीवरचे आकडे वेगळ्या व्ह्यूत ठेवा किंवा मालाच्या किमतीच्या प्रमाणात ओळींवर वाटा.

मूळ टेबलाला बिलाच्या तारखेवर पार्टिशन लावा आणि ‘पार्टिशन फिल्टर आवश्यक’ ही खूण चालू करा. म्हणजे तारीख न सांगता कोणी पाच वर्षांचा डेटा उपसणार नाही. साधा व्ह्यू काही साठवत नाही, दर वेळी मूळ टेबल वाचतो. रिपोर्ट दिवसभर उघडा राहणार असेल तर रात्री एक शेड्यूल्ड क्वेरी (ठरल्या वेळी आपोआप चालणारी) चालवून दिवस, पार्टी आणि माल यांचं छोटं बेरजेचं टेबल बनवा आणि रिपोर्टला तेच द्या.

> इशारा: ‘लिमिट १००’ लिहिल्याने साध्या टेबलावर वाचलेला डेटा कमी होत नाही. सगळे कॉलम मागितले तर सगळ्यांचे पैसे लागतात. नुसती नजर टाकायची असेल तर टेबलाची ‘प्रिव्ह्यू’ टॅब बघा, ती फुकट आहे.

मग ताळा. टॅलीच्या किंवा तुम्ही जे वापरत असाल त्याच्या सेल्स रजिस्टरमधून तीन महिन्यांचे आकडे घ्या. एक दिवाळीचा महिना, एक साधा आणि एक मार्च. प्रत्येकाची बिलांची संख्या, विक्रीची बेरीज आणि पार्ट्यांची संख्या हिशेबनिसांसोबत बसून एका छोट्या टेबलात लिहा. व्ह्यूचे आकडे त्याच्याशी रुपयापर्यंत जुळले पाहिजेत. इथे जुळले नाहीत तर पुढचा टप्पा सुरू करू नका.

## ५. नोटबुक

पहिली जोडणी नोटबुकची, कारण इथे चूक उघडी दिसते. रिपोर्टमध्ये ती रंगीत चार्टखाली झाकली जाते.

कोलॅब (गूगलची ब्राउझरमधली नोटबुक) उघडा, आपल्या खात्याने ओळख पटवा आणि बिगक्वेरीशी बोलणारा क्लायंट बनवताना प्रोजेक्टचं नाव स्वतः लिहा. पहिली क्वेरी ‘ड्राय रन’ म्हणून चालवा. ती पैसे न घेता किती डेटा वाचला जाईल ते सांगते. शिवाय ‘मॅक्सिमम बाइट्स बिल्ड’ची मर्यादा घाला. क्वेरी त्याहून जास्त वाचणार असेल तर ती चालतच नाही आणि बिलही लागत नाही.

बेरीज वेअरहाउसमध्येच करा आणि निकाल तेवढा खाली आणा. अख्खं टेबल डेटाफ्रेममध्ये (नोटबुकच्या मेमरीतल्या तक्त्यात) ओढलं की मेमरी संपते आणि सत्र तुटतं. न्यूमेरिक कॉलम पांडाजमध्ये (तक्ते हाताळणाऱ्या पायथनच्या लायब्ररीत) डेसिमल म्हणून येतो, त्यामुळे काही चार्ट अडतात. फ्लोटमध्ये बदल फक्त चार्टपुरता करा, बेरजेआधी नको.

आता ताळ्याचं टेबल आणि व्ह्यू शेजारी मांडून फरकाचा कॉलम काढा. तो सगळीकडे शून्य हवा.

> तपासा: रनटाइम रीस्टार्ट करून सगळे सेल वरून खाली पुन्हा चालवा. उलटसुलट क्रमाने चालवलेल्या सेलमध्ये जुना निकाल तसाच राहतो आणि जुळल्याचा भास होतो.

## ६. शीट

गूगल शीटमध्ये ‘डेटा’ मेनूतून ‘डेटा कनेक्टर्स’ आणि तिथून बिगक्वेरी निवडा. जोडायचा तो व्ह्यू, मूळ टेबल नाही. समोर जे दिसतं ते पहिल्या ५०० ओळींचं प्रिव्ह्यू असतं. त्यालाच पूर्ण डेटा समजून बाहेर कॉपी करणं ही नेहमीची चूक. बेरजेसाठी पिव्हट टेबल बनवा, ते पूर्ण डेटावर चालतं. ओळी हव्याच असतील तर एक्स्ट्रॅक्ट (शीटमध्ये उतरवलेली ओळींची प्रत) घ्या, पण हवा तो महिना आणि हवी ती पार्टी निवडूनच. एक्स्ट्रॅक्टला ओळींची मर्यादा आहे आणि एका शीटफाइलमध्ये १ कोटी सेलच बसतात.

शीटच्या सेटिंगमध्ये लोकेल (कोणत्या देशाच्या पद्धतीने आकडे लिहायचे ते) भारत करा. नाहीतर लाखांचे स्वल्पविराम भलत्या जागी पडतात आणि बारकाईने वाचणारा माणूस अडखळतो.

वसुलीच्या शीटमध्ये एक चूक फार होते. एक्स्ट्रॅक्टमध्ये पार्टी आणि बाकी रक्कम आली की हिशेबनीस शेजारच्या कॉलममध्ये लिहितात: ‘सोमवारी चेक देणार’. सकाळी रिफ्रेश झाल्यावर एक्स्ट्रॅक्टच्या ओळी वरखाली होतात, हाताने लिहिलेला शेरा तिथेच राहतो आणि चेक देणार असते एक पार्टी, शेरा दिसतो दुसरीच्या नावापुढे. शेरे वेगळ्या टॅबवर पार्टीच्या कोडापुढे लिहा आणि लुकअपने (कोडावरून शेरा शोधणाऱ्या सूत्राने) आणा.

रिफ्रेशचं शेड्यूल ज्याने लावलं त्याच्या परवानगीने चालतं, हेही लक्षात असू द्या. आणि शीट ज्याला शेअर केली त्याला खेचलेले आकडे दिसतात, वेअरहाउसची परवानगी असो वा नसो. नफ्याचा कॉलम असलेली शीट ‘लिंक असलेल्या कोणालाही’ अशी उघडी ठेवू नका.

एक्सेल वापरणाऱ्यांसाठी: एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात आणि १५ अंकांपुढची संख्या बदलते. शून्याने सुरू होणारे कोड इथे पुन्हा उडू शकतात, म्हणून पॉवर क्वेरीत (एक्सेलमधल्या डेटा आणण्याच्या सोयीत) तो कॉलम आधीच ‘टेक्स्ट’ करा.

> तपासा: पिव्हटमध्ये ताळ्याचे तीन महिने काढा. नोटबुकशी रुपयापर्यंत जुळले का?

## ७. रिपोर्ट

लुकर स्टुडिओत (गूगलच्या रिपोर्टच्या साधनात) डेटा सोर्स जोडताना कोणाच्या ओळखीने डेटा वाचायचा, ते आधी ठरवा. ‘ओनर’ची ओळख ठेवलीत तर लिंक मिळालेल्या प्रत्येकाला तुमच्या परवानगीने सगळं दिसतं. ‘व्ह्यूअर’ची ठेवलीत तर प्रत्येकाला स्वतःची परवानगी लागते. सेल्समनसाठी वेगळा रिपोर्ट असेल तर दुसरी पद्धत घ्या.

“आजचं बिल दिसत नाही” या तक्रारीमागे सहसा दोन कारणं असतात. बिगक्वेरीच्या सोर्सची ताजेपणाची मुदत मुळात १२ तास असते, ती कमी करता येते. आणि तारखेचा आपोआप लागणारा फिल्टर आज वगळून मागचे २८ दिवस दाखवतो. दोन्ही बघितल्याशिवाय डेटा चुकला असं म्हणू नका. मात्र मुदत फार कमी केलीत तर प्रत्येक उघडण्यागणिक क्वेरी जाते आणि बिल वाढतं. डेटा रात्री एकदाच चढत असेल तर मुदत कमी करून हाती काहीच लागत नाही.

रिपोर्टमध्ये दोन सोर्स ‘ब्लेंड’ करू नका, म्हणजे तिथल्या तिथे जोडू नका. भाड्याच्या ४५० चं १,३५० इथे पुन्हा होऊ शकतं आणि इथे ते शोधणं फार कठीण. काही जोडायचं असेल तर व्ह्यूमध्ये परत जा. आकडे थोडक्यात दाखवण्याच्या पर्यायात मिलियन येतं, आपल्या मालकांना लाख हवे असतात. व्ह्यूमध्येच ‘विक्री लाखांत’ असा कॉलम द्या.

पॉवर बीआयमध्ये ‘इम्पोर्ट’ (डेटाची प्रत आणणं) आणि ‘डायरेक्टक्वेरी’ (दर वेळी वेअरहाउसला विचारणं) असे दोन पर्याय येतात. छोट्या-मध्यम धंद्याला माझ्या मते इम्पोर्टच बरं. रात्रीचं बेरजेचं टेबल एकदा खेचलं की दिवसभराच्या क्लिकांचे पैसे वेअरहाउसला लागत नाहीत. प्रो लायसन्सवर दिवसाला ८ वेळा शेड्यूल्ड रिफ्रेश मिळतो, तो पुरतो. रिफ्रेशच्या सेटिंगमध्ये टाइम झोन भारताचा करा आणि वेळ रात्रीच्या शेड्यूल्ड क्वेरीनंतरची ठेवा, नाहीतर दर सकाळी कालच्या ऐवजी परवाचा आकडा दिसेल.

> तपासा: रिपोर्टच्या शेवटच्या पानावर ताळ्याचे तीन महिने आणि ‘डेटा कधीपर्यंतचा’ ही तारीख कायमची ठेवा.

## ८. चालू ठेवताना

महिना बंद झाला की नवा महिना ताळ्याच्या टेबलात घाला. जुन्या तारखेची क्रेडिट नोट नंतर निघाली तर जुना महिनाही बदलतो, म्हणून मागचे दोन महिनेही पुन्हा ताडा.

कोणी नोकरी सोडत असेल तर त्याचं खातं बंद करण्याआधी चार गोष्टी दुसऱ्याच्या नावावर करा: शेड्यूल्ड क्वेरी, शीटचं रिफ्रेश शेड्यूल, लुकर स्टुडिओतला डेटा सोर्स आणि पॉवर बीआयमध्ये भरलेलं लॉगिन. त्याच्याकडे सर्व्हिस अकाउंटची किल्ली होती तर नवी बनवा, सगळीकडे लावा, चारही ठिकाणचे आकडे एकदा ताडून बघा आणि मगच जुनी रद्द करा.